पाचांपैकी आमचे कोण

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला माझ्या नवऱ्याचा आवाज धड माहीत नव्हता. आताच्या पोरींना हे सांगितलं की त्या हसतात. हसू देत, त्यांच्या जागी मीही हसले असते. पण तेव्हा शिनोलीत सासऱ्यासमोर नवरा बायकोशी बोलला तर त्याला निर्लज्ज म्हणायचे. आमचं घर म्हणजे पुढं सोपा, म्हणजे ओसरी, आणि मागं एक खोली. मालक दिवसा माझ्याशी बोलायचे ते मानेनं, नाहीतर बोटानं. तोंडानं बोललेच तर कानाशी कुजबुजून, आणि कुजबुजीला काही ओळख नसते, ती कुणाचीही असू शकते. वडिलांसमोर त्यांच्या तोंडून दोनच गोष्टी निघायच्या, ‘व्हय दादा’ आणि ‘न्हाई दादा’, त्याही जमिनीकडं बघत. असा दोन वर्षं संसार केला आणि ते मुंबईला गेले. पुढची चार वर्षं दिवाळीला एक कार्ड यायचं, एवढाच माझा नवरा.

आम्ही गुरव. गावच्या महादेवाची पूजा आणि देवापुढची पहाटेची सनई आमच्या घराकडं. सनई कधी एकट्यानं वाजत नाही. एक जण गाणं वाजवतो आणि दुसरा त्याच्यामागं बसून एकच सूर धरून ठेवतो, न हलवता, न तोडता, गाल फुगवून नाकानं श्वास घेत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सनई वाजवायचे. मालक दहाव्या वर्षापासून त्यांच्यामागं सूर धरायचे. मामंजींचा दंडक असा की बारा वर्षं सूर धरल्याशिवाय सनईला ओठ लावायचे नाहीत, आणि थोरला समोर असताना धाकट्यानं गाणं म्हणून वाजवायचं नाही. स्वतः त्यांनी आपल्या वडिलांमागं चौदा वर्षं काढली होती. शाबासकी ही चीज त्या घरात नव्हतीच. सूर हलला तर पाठीत धपाटा, नाही हलला तर काहीच नाही.

मालकांनी अकरा वर्षं सूर धरला आणि एका वर्षासाठी माशी शिंकली. जुन्नरला कुणाच्या लग्नात मुंबईचा बँड आला होता. त्यातल्या एका गोवेकर म्हाताऱ्यानं आपलं काळं लांबट वाद्य मालकांच्या हातात दिलं आणि म्हणाला, फुंकून बघ. क्लॅरिनेट म्हणतात त्याला. बँड परत गेला तेव्हा मालकही त्याच्याबरोबर गेले. मामंजींनी घरात त्यांचा विषय काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही. त्यांच्यामागं सूर धरायला मग गावातला एक म्हातारा येऊ लागला, त्याला धड बसवत नव्हतं.

चौथ्या वर्षी मामंजींना दम्यानं धरलं. गाण्याच्या अर्ध्यात श्वास संपायचा आणि मागचा सूर एकटाच पडायचा. पंच मंडळी भली, तोडून कुणी बोललं नाही. पण देवाची सनई बंद ठेवता येत नाही. त्यांनी सांगितलं, चैत्रातल्या यात्रेपर्यंत वाट बघू. मुलगा आला तर उत्तमच, नाहीतर पिंपरी पेंढारच्या तुमच्या पुतण्याला बोलवू, आणि पुढं सनई त्याच्याच घरात राहील. मामंजींना ते किती लागलं हे त्यांच्या ताटातल्या भाकरीवरून मला दिसत होतं. माझं म्हणाल तर, सनई घरात राहिली तर नवरा येणार होता, ती गेली तर तो कशाला येईल? म्हणून माझाही जीव तिच्यातच अडकला होता.

मामंजींनी शाळेच्या मास्तरांकडून मुंबईला कार्ड लिहवून घेतलं. सनई तुझ्या हातात देतो, येतोस की नाही, एका शब्दात कळव. उत्तर आलं ते मास्तरांनी आमच्या सोप्यात वाचलं. ‘येत्या शनिवारी संध्याकाळी मुंबईच्या रेडिओवर आम्ही पाच जण बोलणार आहोत आणि वाजवणार आहोत. जमल्यास ऐकावे. दादांस साष्टांग नमस्कार.’ बस्स. मास्तरांनी कार्ड उलटून बघितलं, मागं पत्ता सोडून काही नव्हतं.

मी खोलीच्या दाराआड उभी होते, मला काही उलगडेना. आपण एक विचारावं आणि माणसानं भलतंच सांगावं, असं ते उत्तर. मामंजींना मात्र लगेच उलगडलं. ते म्हणाले, “बोलणार म्हनतोय न्हवं? मग तितंच सांगंल. कार्डावर काय, कुनीबी काहीबी लिवतं. चार मान्सांत दिलेला शबुद पक्का असतो.”

हे आमच्याकडचंच खूळ. सोयरीक असो, वाटणी असो, गड्याला सालानं ठेवायचा असो, चार माणसं जमवून त्यांच्यासमोर बोललं म्हणजे ते खरं. मामंजींना वाटलं, मुलानं त्यासाठी चांगली मुंबईभरची माणसं जमवली. मास्तरांनाही ते पटलं. मग मला न पटून काय उपयोग?

रेडिओ तेव्हा साऱ्या पंचक्रोशीत एकच, घोडेगावला हिरड्याचा व्यापार करणाऱ्या शेठजींकडं. त्यांचे आजे-पणजे मारवाडातून आलेले, पण बोलणं आमच्यासारखंच. शनिवारी दुपारी बैलगाडी जुंपून मामंजी, मास्तर आणि मी निघालो. मला न्यायचं मामंजींच्या मनात नव्हतं, पण मी सकाळपासूनच गाडीच्या चाकाशी उभी राहिले होते आणि तोंडानं काही न बोलता हलतही नव्हते. शेवटी त्यांनीच गवताची पेंडी गाडीत पसरली आणि मला बसायला खूण केली.

शेठजींच्या दुकानाच्या ओट्यावर वीस-पंचवीस पुरुष आधीच येऊन बसले होते. बातमी फुटली होती की शिनोलीच्या गुरवाचा पोरगा आज रेडिओत येणार. रेडिओ फळीवर ठेवलेला, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. त्याची एक तार कौलांवरून चिंचेपर्यंत नेलेली आणि दुसरी जमिनीत पुरलेली. शेठजी त्या पुरलेल्या तारेवर तांब्यानं पाणी घालत होते, त्यानं म्हणे आवाज स्वच्छ येतो. मला आत पाठवलं. शेठाणी दाराशी पाट टाकून बसल्या होत्या. त्यांच्यात सूर्य मावळला की अन्नपाणी बंद, त्यामुळं त्यांचं सगळं आवरलेलं. मला मात्र त्यांनी उकळून गार केलेलं पाणी दिलं आणि दार थोडं किलकिलं केलं. हिरड्याचा तुरट वास सगळ्या घरात भरलेला होता.

आधी नुसती खरखर. मग एक माणूस इंग्रजीत बोलायला लागला, भराभर, मध्येच आवाज चढवून. त्यानं पाच नावं घेतली, पाचही साहेबांची. ओट्यावर चुळबुळ झाली. “ह्यात आपला कोन?” कुणीतरी विचारलं. मास्तर म्हणाले, “थांबा, अजून आपल्याचं नाव यायचंय.” ते आलंच नाही.

मग तो निवेदक एकेकाला काही विचारायचा, तो माणूस उत्तर द्यायचा, आणि उत्तर झालं की सगळे मिळून वाजवायचे. पुन्हा विचारायचं, पुन्हा उत्तर, पुन्हा वाजवणं. ओट्यावरच्या मंडळींचे कान नारायणगावच्या तमाशाच्या फडांवर तयार झालेले. त्यांना वाटलं, हा सवाल-जवाब आहे. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तो सोडवायचा, नाही सुटला तर हरला. झालं, त्यांनी लगेच बाजू घेतल्या. “हा अडकला, हा अडकला!” “अरं न्हाई राव, सोडवला त्यानं, ऐक की!” काय सवाल होता आणि काय सुटला ते त्यांनाच ठाऊक. दोघांची तर जुंपलीच, शेठजींनी त्यांना गप्प केलं.

त्या वाजवण्याचं तर मला काही म्हणजे काही कळेना. त्याला जॅझ म्हणतात हे मला फार पुढं कळलं. तेव्हा वाटलं, पाच जण पाच वेगवेगळ्या लग्नांना निघालेत आणि वाटेत एकत्र भेटलेत. एक ढोल मागंमागं पळत होता. कुणी पेटीसारखं काही दोन्ही हातांनी बडवत होतं. तळाला एक जाड आवाज, एकच सूर धरून, बराच वेळ तसाच राहणारा. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर एक बारीक, उनाड आवाज. तो वर चढायचा, चढता चढता घसरायचा, मुद्दाम घसरायचा, आणि आता पडला असं वाटलं की भलतीकडूनच उगवायचा. मध्येच तो थांबायचा तेव्हा माझाही श्वास थांबायचा. असलं काही चांगलं असतं की वाईट, हे कुणाला विचारायचं हेही मला कळत नव्हतं.

शेठाणींनी मला कोपरानं डिवचलं. “अगं, ह्यातला तुजा कोंचा?”

“काय की,” मी म्हणाले.

“बोलताना ऐकला की कळंल. आवाज वळखशील का न्हाई?”

मी मान खाली घातली. काय सांगणार? पाच जण बोलून गेले होते. एकाचा आवाज घागरीत बोलल्यासारखा, एक अडखळत बोलणारा, दोन जण सारखेच, आणि एक हसणारा. तो बोलण्यापेक्षा हसतच जास्त होता, मोकळा, पोट धरून, आणि निवेदकालाही हसवत होता. मला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं तरी त्याच्या हसण्यानं माझ्या तोंडावर हसू आलं. मग मला माझीच लाज वाटली. नवऱ्याला शोधायला आलेली बाई परक्या पुरुषाच्या हसण्यावर हसतेय, असं मनात आलं आणि मी पदर तोंडाशी धरला. माझा त्या अडखळणाऱ्यावर संशय होता. आमचे असेच बोलतील असं वाटत होतं.

बाहेर मामंजी मास्तरांना दर घडीला विचारत होते, “आला का इशय? येतो म्हनला का?”

मास्तरांचं इंग्रजी सगळं कागदावरचं. चार ओळी लिहून द्या, पाच मिनिटांत अर्थ सांगतील. कानानं इंग्रजी ऐकायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. पण गावात आजवर जे इंग्रजी आलं ते त्यांनीच सोडवलेलं, आता माघार कशी घेणार? “संगीत फार प्राचीन आहे, असं म्हणतायत,” ते म्हणाले. आणि त्याच वेळी रेडिओत पाचही जण खदाखदा हसले.

“परचीन म्हनून येवढं हसत्यात?” ओट्यावरून कुणीतरी म्हणालं.

अर्ध्या-पाऊण तासानं सगळं संपलं. शेठजींनी बॅटरी उतरेल म्हणून लगेच बटण फिरवलं. गर्दी पांगली, सवाल-जवाबात कोण जिंकलं हे ठरलंच नाही. मामंजींनी मास्तरांचं मनगट धरलं. “मास्तर, व्हय का न्हाई, तेवढं सांगा.”

मास्तर बिचारे घामाघूम झाले होते. म्हणाले, “बाबा, खरं सांगू? मला ‘यस’ पुष्कळ ऐकू आले. ‘नो’पण ऐकू आले. कोण कशाला म्हणालं ते मात्र नाही सांगता यायचं.” नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे, तशी आमची गत. एवढी गाडी जुंपून आलो आणि हातात काहीच नाही. मला रडूच यायला लागलं.

पण मामंजी शांत होते. म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. मला कळलं.”

परतताना गाडीत त्यांनी मास्तरांना समजावून सांगितलं, मी मागं बसून ऐकत होते. तळाला जो सूर धरून होता, तो आमचा पोरगा. अकरा वर्षं धरायला शिकवलेला सूर मला कळायचा नाही? “हलला न्हाई,” ते म्हणाले. “सगळी जत्रा डोक्यावर नाचत व्हती, पर हा हलला न्हाई.” आणि तो वर उड्या मारणारा कोण, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा मामंजींनी तोंड वाकडं केलं. “असंल कुनी आगाव. त्येला गुरू न्हाई, बापबी नसंल.” मग त्यांनी असा हिशोब मांडला की चार वर्षं झाली तरी मुंबईत ह्याला कुणी गाणं वाजवू देत नाही, अजून सूरच धरायला बसवलंय. आणि इथं बाप तर सनईच देतोय. मग तो येणार नाही तर काय करील?

मला ते एकदम पटलं. पटवूनच घ्यायचं होतं म्हणा. घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात मालकांसाठी सोप्यात अंथरूणसुद्धा घातलं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी पंचांना सांगितलं, माझा मुलगा येतोय.

यात्रेला मालक खरंच आले. अंगात पाटलोण आणि सदरा, हातात वाद्याची पेटी, चेहरा भरलेला. मी चुलीमागून बघितलं आणि मला कोणीतरी पावणं आल्यासारखं वाटलं. सोप्यात चार-पाच माणसं बसली होती. मालक मामंजींच्या पाया पडले. मामंजींनी सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “ऐकला बरं का रेडिओ. लई मन भरलं. तुजा सूर हलला न्हाई.”

मालकांनी झटकन वर बघितलं. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला त्यांचा, पण मला त्याचा अर्थ लागेना. वडिलांनी आजवर कधी म्हटलं नाही ते म्हटलं, मग हा माणूस असा का दिसतोय? मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “व्हय दादा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडनदीवर धुणं घेऊन गेले, तर मागून मालक आले. आसपास कुणी नव्हतं. दगडावर बसून ते पाण्यात खडे टाकत राहिले. मीच धीर करून विचारलं, “रेडिओवर तुमी नक्की कोन व्हता?”

ते हसले. आणि मी हातातला पिळा तसाच धरून उभी राहिले. ते तेच हसणं होतं, मोकळं, पोटातून. मला आनंद व्हावा की राग यावा हे समजेना, दोन्ही एकदम झालं. सहा वर्षं ज्याच्या नावानं कुंकू लावलं तो माणूस असा हसतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते घोडेगावच्या पंचवीस परक्या माणसांबरोबर.

“वर वाजवत व्हतो त्यो मी,” ते म्हणाले. “तितं मला सायबाचं नाव ठिवलंय, आन् सगळी गानी माज्याभवतीच बांधल्याली. खालचा सूर आमच्या गोवेकर बाबांचा. ज्यांनी मला बाजा दिला त्येच.”

“मग मामंजींना सांगा की.”

“कसं सांगू? जल्मात पहिल्यांदा शाबासकी दिली त्यांनी मला.”

“ती दुसऱ्याची हाय.”

“असू दे,” ते म्हणाले. “दुसऱ्याची तर दुसऱ्याची.”

मी विचारलं, येणार आहात का परत? त्यांनी खरं सांगितलं, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. म्हणाले, सनई मला नको असं नाही, पण त्या पाच जणांत उभा राहतो तेव्हा मी मी असतो. इथं आलो की पुन्हा व्हय दादा, न्हाई दादा. तुला घेऊन जायचं मनात आहे, पण दादांना एकटं टाकून तू कशी येशील? मी म्हणाले, एवढं तरी दादांना सांगून जा. त्यांनी होकाराची मान हलवली.

पण निघताना मामंजींनी विचारलं, “कवा येतोस मग?” आणि आमचे वाघ, जे मुंबईत साहेबाला हसवतात, ते मूग गिळून उभे. शेवटी म्हणाले, “बघतो दादा.” मामंजींनी पंचांना सांगितलं, श्रावणात येतोय, आणि पंचांनी तेवढी मुदत वाढवून दिली. मला इतका राग आला होता की मी मालकांच्या गाठोड्यात भाकरी बांधली आणि ठेचा मुद्दाम ठेवला नाही.

आता मात्र सगळा घोळ एकट्या माझ्याकडं आला. मामंजी खोट्यावर उभे होते आणि ते खोटं मला माहीत होतं. सांगितलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण मी नाही सांगितलं. कशाला लपवू, मला तो घोळ हवाच होता. मामंजी आशेवर राहिले तर बोलावत राहतील, बोलावत राहिले तर मालकांना एक दिवस नाही म्हणवणार नाही, आणि ते आले की मी नवऱ्याची बायको होईन. तो आला तर सुकेल हेही मला दिसत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. वैशाख गेला, जेठ गेला.

आषाढाच्या ओलसर हवेनं मामंजींचा दमा वाढला. एक दिवस पहाटे सनई सुरू झाली आणि अर्ध्यात थांबली. मी चुलीपाशी हात तसाच धरून बसले. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. बऱ्याच वेळानं मामंजी भिंतीला धरत घरी आले आणि सोप्यात बसले. ओठ निळे पडले होते. बोलता येईना, पण हातानं मला दाखवलं, एक महिना. श्रावण आला की झालं.

सासऱ्याशी समोर उभं राहून बोलायची आमच्यात रीत नव्हती. घरात आम्ही दोघंच असलो तरी मी दाराआडून बोलायची. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हणाले, “मामंजी, ते यायचे न्हाईत. तळाला सूर धरत व्हता त्यो दुसरा. वर वाजवत व्हता त्यो आपला.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आधी मी समोर आले ह्याचाच त्यांना धक्का बसला असावा. मग हळूहळू म्हणाले, “त्यो? आगाव?”

“व्हय.”

“तुला कुनी सांगितलं?”

“त्यांनीच. नदीवर.”

मला वाटलं, आता ओरडतील, हाताशी असेल ते फेकतील. भाकरी करपल्याचा वास आला तरी मी उठले नाही. ऊन उंबऱ्यावर आलं तेव्हा ते बोलले. श्वास घेत घेत, तुटक. “त्या दिशी गाडीतनं येताना मी त्येला लई बोललो. पर घरी आलो आन् त्येचंच वाजवनं कानात. आठ दिस जाईना. म्हनलं, कुनाचं पोर असंल? त्येच्या बापाला काय वाटत असंल?” मग म्हणाले, “ही सनई त्येला पुरायची न्हाई.”

त्याच दिवशी त्यांनी पिंपरी पेंढारला निरोप धाडला. संध्याकाळी मास्तरांना बोलावलं आणि कार्ड लिहायला सांगितलं. सनई पुतण्याला दिली आहे. माझं खाणंपिणं तोच बघेल. सूनबाईला येऊन घेऊन जा. तू इथं राहायला परत येऊ नकोस.

मास्तर लिहिता लिहिता थांबले. “बाबा, हे शेवटचं फार कडक होतंय. तुम्ही रागावलात असं त्याला वाटेल. थोडं समजावून लिहू का?”

“रागावलो न्हाई,” मामंजी म्हणाले. “पर लिवा तसंच. मी खुश हाय म्हनून कळलं तर येड्यावानी धावत यील आन् माज्यामागं सूर धरत बसंल. रागावलो म्हनून कळलं तर ऱ्हायला यायचा न्हाई.” मग त्यांनी दाराकडं बघितलं. मी पुन्हा दाराआड गेले होते. “सूनबाई, तूबी सांगू नगं.”

पंधरा दिवसांनी मालक मला न्यायला आले. ते वडिलांच्या पाया पडले. मामंजी भिंतीकडं तोंड करून पडून होते, ते वळले नाहीत. गाडी गावाबाहेर पडल्यावर मालकांनी मला विचारलं, आणि कुजबुजून नाही, चांगलं मोठ्यानं विचारलं, “दादा लई रागावलेत का गं?”

बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणाले, “व्हय, लई.”